टिटवाळ्याचा मुक्काम आणि चार साड्यांची गोधडी

"आत्या, उजवीकडे अजून एक वीट," गाडीखालून भाच्याचा आवाज येतो. मी वीट पुढे सरकवते. आत, गाडीतल्या वीतभर ओट्यावर काकूंनी पाण्याची काठोकाठ भरलेली वाटी ठेवली आहे आणि खिडकीतून त्या निकाल सांगताहेत. पाणी अजून दाराच्या बाजूला सांडतंय. कॅरॅव्हॅन मुक्कामाला लावायची तर आधी ती पातळीत आणावी लागते, नाहीतर झोपलेली माणसं रात्रभर एका कडेला घसरत राहतात. तिसऱ्या विटेला वाटीतलं पाणी स्थिर होतं. विटांना इथे तोटा नाही. पाऊस सरला की टिटवाळ्याच्या आसपास वीटभट्ट्या लागतात. आत्ता जानेवारीत त्यांचा धूर नदीच्या अंगाला पसरलेला दिसतोय.

नदी म्हणजे काळू. पुढे जाऊन ही उल्हासला मिळते. आज ती गुडघाभर पाण्यात खडकांमधून वाट काढते आहे, पण पावसाळ्यात हिच्यावरचा रुंदे गावाचा पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या गावांचा रस्ताच तुटतो. आमचा मुक्काम ओळखीच्यांच्या शेतावर आहे. भात कापून मोकळी झालेली खाचरं, एक आंब्याचं झाड, झाडाखाली आमची गाडी. लांबून कसाऱ्याकडे जाणारी लोकल वाजते आणि आम्ही लोकलच्या डब्यातल्या सहाही मैत्रिणी नकळत घड्याळाकडे बघतो. सगळ्या निवृत्त झालोय, पण ही खोड गेलेली नाही.

टिटवाळ्याला मुक्कामाला जातोय म्हटल्यावर घरोघरी हसले. कल्याणहून शहाड, आंबिवली आणि लगेच टिटवाळा. अंतर जेमतेम दहा-अकरा किलोमीटर. गाव कल्याण-डोंबिवली महापालिकेतच मोडतं. माणसं इथे सकाळी येतात, महागणपतीचं दर्शन घेतात, पेढे घेतात आणि जेवायला घरी परततात. "राहायचंच तर महाबळेश्वरला तरी जा," असं आमच्यातल्या एकीला तिच्या सुनेने सुचवलं. महाबळेश्वरला गेलो तर पॉइंट बघत फिरावं लागेल, मग गोधडी शिवायची कधी, हा आमचा प्रश्न होता.

गाडी म्हणाल तर मूळची टेम्पो ट्रॅव्हलर. आतल्या खुर्च्या काढून चार झोपायच्या फळ्या, एक ओटा, छोटा फ्रीज आणि टपावर पाण्याची टाकी बसवलेली. राज्य सरकारने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्या भाड्याने मिळतात हे ऐकून होतो. गाड्या उभ्या करायला पाणी, वीज आणि स्वच्छतागृह असलेली आवारं व्हावीत, असं त्या धोरणात आहे. टिटवाळ्यात आमचं आवार आम्हीच तयार केलंय. शेतघराच्या ओसरीतून लांब वायर ओढून वीज घेतली, विहिरीच्या पंपाला नळी लावून टाकी भरली, आणि भांड्यांचं पाणी बादलीत धरून केळीला घालायचं ठरवलं. न्हाणीघर शेतघरातलं. चौघी गाडीत झोपणार, दोघी ओसरीवर. भाचा संध्याकाळच्या लोकलने घरी जाणार, त्यामुळे त्याला आमच्यापेक्षा जास्त सूचना देऊन झाल्या आहेत.

दहाच्या सुमारास आंब्याखाली ताडपत्री, तिच्यावर सतरंजी आणि सतरंजीवर साड्या पसरतात. प्रत्येक साडी मधोमध कापून, दोन्ही तुकडे शेजारीशेजारी मशीनवर जोडून आणलेत, म्हणजे एकेक साडी पलंगाएवढी रुंद होते. सगळ्यांत खाली काकूंची इरकल, आत दोन मऊ झालेल्या सुती साड्या, वर आमच्यातल्या बँकवालीची निळी चौकड्याची. ही साडी तिने कामाला लागल्यावर पहिल्या पगारातून घेतली होती. "पडून पडून विरायची, त्यापेक्षा शिवा," असं म्हणते, पण कापताना तिने पाठ फिरवली होती हे आम्ही पाहिलंय.

गोधडी जाणार आहे न्यू जर्सीला, काकूंच्या लेकीकडे. म्हणून वाद थरांचा आहे.

"पाच साड्या घालू. तिकडे बर्फ पडतं."

"घरात हीटर असतो हो. आणि विमानात बॅगेला तेवीस किलो. तुमचा गोडा मसाला, मेतकूट, लोणचं धरून गोधडीला उरणार किती?"

चार थरांची गोधडी दोन-अडीच किलो भरेल असा अंदाज निघतो. मेतकुटाच्या बाजूने कौल लागतो आणि पाचवी साडी पिशवीत परत जाते.

चारी कोपऱ्यांवर नदीतले गोटे ठेवून कापड ताणलं जातं. आधी लांब लांब कच्चे टाके, थर सरकू नयेत म्हणून. मग कडा आत दुमडून खरा धावदोरा. मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोरा ओढून घेतला की तो गुंतत नाही. चष्मे नाकावर येतात, सुया ओवल्या जातात. जिला लगेच जमतं ती बाकीच्यांच्याही ओवून देते.

आमची ओळखच अशा कामातून झालेली. लोकलचा बायकांचा डबा म्हणजे पळती शिवणशाळाच. कुणी भाजी निवडते, कुणी गजरा गुंफते, कुणी क्रोशाची सुई चालवते. ही बँकवाली तोरणाचे खांब मोजत बसायची आणि ठाणं आलं की कुठवर मोजलं ते विसरायची. बदलापूरवालीने दोन नातवंडांचे स्वेटर निव्वळ प्रवासात विणले. 1992 साली महिला स्पेशल गाड्या सुरू झाल्या तेव्हा तर बसायला जागा मिळाली म्हणजे हात मोकळे झाले, एवढाच अर्थ आम्ही त्या सोयीचा घेतला. घरी पोचल्यावर सुई हातात धरायला सवड कधी होती? कुकर, दूध, पोरांचा अभ्यास, सासऱ्यांचं औषध. दिवसातून दोनदा, येताना आणि जाताना, काय तो हक्काचा तास मिळायचा. निवृत्तीबरोबर तोही गेला. घरात वेळ आहे, पण त्या वेळाला कुणीही हाक मारू शकतं.

राखणदाराची बायको पाण्याची कळशी घेऊन जाताना थांबते. थोडा वेळ नुसती बघते. मग कळशी उतरवून माझ्या शेजारी उकिडवी बसते.

"ताई, टाका लांब पडतोय."

"एवढा चालतो की, वहिनी."

ती माझ्या टाक्याखाली करंगळी घालून दाखवते. "रात्री पायाचं बोट अडकंल. झोपेत पाय ओढला की दोरा तुटला. बारीक घाला."

माझी पूर्ण ओळ उसवली जाते. वहिनी सुई हातात घेते आणि एका दमात पाच-सहा टाके सुईवर भरून दोरा ओढते. खालीवर मोजून सारखे टाके. आमच्यात अंगुस्तान घालून बसलेल्या तिघी आहेत. हिच्या बोटाला काही नाही. कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेऱ्यांनी आत जायचं, हेही तिचंच सांगणं.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकाही त्यांची गोधडी, म्हणजे कवंदी, अशीच कडेने आत शिवत नेतात आणि चारी कोपऱ्यांवर कापडाची रंगीत तिकोनी फुलं लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी समजतात. मी हे सांगते तेव्हा वहिनी लगेच आपल्या ब्लाउजपिसाच्या चिंध्या आणायला उठते. न्यू जर्सीच्या गोधडीला टिटवाळ्याची फुलं लागतात, लाल आणि पोपटी.

फेऱ्या आत सरकतात तशा आम्हीही सरकतो. सकाळी चार कडांना लांब लांब बसलेल्या सहा जणी दुपारपर्यंत गोधडीवरच चढून बसल्यात, गुडघ्याला गुडघा लावून. हात गुंतलेले असले की माणसं एकमेकींकडे न बघता बोलतात आणि न बघता बोलताना खरं बोलतात. बदलापूरवाली मुलाच्या घटस्फोटाचं सांगते, सुईवरची नजर न काढता. कुणी सल्ला देत नाही. काकू तेवढं म्हणतात, "दोरा संपला तुझा," आणि रीळ पुढे करतात.

दिवेलागणीला एकीने इंडक्शनवर खिचडी ठेवली, दुसरीने पाणी तापवायची कांडी लावली, आणि ओसरीवरचं बटण पडून सगळीकडे अंधार. आमची वायर एवढा भार सोसणारी नाही. कांडी काढून टाकतो, खिचडी चुलीवर जाते. सोबत वहिनीने दिलेल्या उकडलेल्या वालाच्या शेंगा.

जेवणं झाल्यावर न्यू जर्सीची लेक फोनवर दिसते. तिच्याकडे सकाळ आहे. फोन गाडीभर फिरवला जातो. "आई, इथे रिटायर झालेली जोडपी अशा गाड्या घेऊन महिनोन्महिने फिरतात, काहींच्या गाडीत शिलाई मशीनसुद्धा असतं," ती सांगते. तिथेही पूर्वी शेजारणी एका चौकटीभोवती जमून गोधड्या शिवायच्या, त्या बैठकीला क्विल्टिंग बी म्हणत. काकू ऐकून घेतात आणि विचारतात, "जेवतेस ना वेळेवर?"

रात्री गारठा चांगलाच पडतो. गाडीचा पत्रा झटकन थंड होतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. अर्धवट शिवलेली गोधडी टाचण्या काढून दोघींच्या अंगावर जाते. मालगाडी पुलावरून बराच वेळ जात राहते. कल्याण ते वाशिंद रूळ 1855 साली पडले, तेव्हापासून हा आवाज या खोऱ्याच्या सवयीचा आहे. आमच्याही.

रविवारी पहाटे गर्दीच्या आधी महागणपतीला जाऊन येतो. कण्व ऋषींचा आश्रम इथे होता आणि शकुंतलेने हा गणपती स्थापला, अशी श्रद्धा आहे. आजचं देऊळ पेशव्यांच्या काळाशी, थोरल्या माधवरावांशी जोडलेलं. तळ्याकाठी लग्नाचा नवस बोलायला आलेल्या मुली आपापल्या आयांसोबत उभ्या. दर्शन घेऊन आम्ही पेढे घेतो आणि रिक्षात बसून परत सुईकडे येतो.

दुपारी विटा काढायची वेळ होते तेव्हा गोधडी निम्मी झालेली आहे. घरी नेऊन मशीन मारली तर दोन तासांत संपेल, पण ती सूचना एकमताने फेटाळली जाते. उरलेली अर्धी होळीच्या आधी, इथेच.

सोय लागते ती थोडीच: बसायला सावली, जवळ न्हाणीघर आणि कुणाची हाक ऐकू येणार नाही एवढं अंतर. त्याला गाडीच हवी असं नाही. कुणाचं बंद पडलेलं गावचं घर किंवा इमारतीची गच्चीही चालेल. कपाटातल्या न नेसल्या जाणाऱ्या सुती साड्या काढा, जुन्या डब्यातल्या चार मैत्रिणींना फोन करा आणि एक शनिवार-रविवार ठरवून टाका. टाका मात्र बारीक घाला.