मेंदूची मुदत

कलघटगी किंवा हल्याळच्या बाजूने हुबळी-धारवाडकडे येणाऱ्या रस्त्यावर तिन्हीसांजेच्या वेळी मोटारसायकलवरून पडलेला, कानशिलाला मार बसलेला, पण क्षणभराच्या भोवळीनंतर आपल्याच पायांनी उठून कपडे झटकणारा आणि जमलेल्या चार माणसांना ‘काही झालं नाही, बरा आहे मी’ असे सांगून घरी जाऊन चहा घेणारा मनुष्य हा मेंदूच्या शल्यशास्त्रातील सर्वांत फसवा रुग्ण होय. तासा-दीड तासाने त्याचे डोके ठणकू लागते, एक-दोन उलट्या होतात, ‘दमलाय, झोपू दे की त्याला’ असे म्हणत आई अंगावर पांघरूण घालते, आणि मग जे जड घोरणे सुरू होते त्याला घरची माणसे गाढ झोप समजत असली, तरी वस्तुतः तो शुद्ध हरपत चालल्याचा आवाज असतो. कानशिलाचे हाड कवटीच्या इतर भागांहून पातळ असते आणि त्याच्या आतल्या अंगाला चिकटून एक धमनी जाते; हाडाला तडा गेला की ती फाटते, आणि हाड व मेंदूचे जाड आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. कवटी ही चहूकडून बंद असलेली अस्थिपेटिका असल्यामुळे त्या रक्ताला जागा करून द्यायची ती मेंदूनेच, आणि मेंदूला सरकण्यासाठी असलेला मार्ग एकच, खाली, जेथे श्वासोच्छ्वासाचे केंद्र आहे. अर्ध्या फुलपात्राएवढे रक्तही एका धडधाकट तरुणाचा प्राण घेण्यास पुरेसे होते. त्या बाजूच्या डोळ्याची बाहुली विस्फारून उजेडाला दाद देईनाशी झाली, म्हणजे उरलेली मुदत मिनिटांत मोजावी लागते.

या रक्ताचा निचरा करण्याची शस्त्रक्रिया मात्र, मेंदूच्या शस्त्रक्रियांत जिची गणना साध्यांत व्हावी, अशी आहे. मेंदूला हात लावावा लागत नाही. कवटीला भोक पाडून ते रुंद करावयाचे, साकळलेले रक्त काढावयाचे आणि फाटलेली धमनी बंद करावयाची. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेले हडसनचे गिरमिट सुताराच्या हातगिरमिटाचेच भावंड म्हणावे असे असते; एका हाताने मूठ दाबून दुसऱ्या हाताने ते फिरवायचे. दोन भोकांमधले हाड कापण्याची जी दातेरी तार आजही अनेक ठिकाणी वापरतात, ती 19व्या शतकाच्या अखेरीस जिग्ली नावाच्या इटालियन प्रसूतितज्ज्ञाने अडलेल्या बाळंतिणीचे ओटीपोटाचे हाड कापण्यासाठी काढली होती. वेळेत सुटका झालेला रुग्ण पुष्कळदा पूर्ववत कामाला लागतो. म्हणून अशा मृत्यूचे कारण कागदोपत्री ‘डोक्यास मार’ असे नोंदले गेले, तरी त्यातला मोठा वाटा माराचा नसून वाटेचा असतो, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

ही वाट आमच्या मुलखात एके काळी किती लांबची होती, हे पाहण्यासारखे आहे. धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता, आणि 19व्या शतकातच इलाख्याच्या सरकारने धारवाडास वेड्यांचे इस्पितळ स्थापन केले होते, ज्याचे रूपांतर पुढे ‘डिमहान्स’ या मनोविकार व मज्जाविज्ञानाच्या संस्थेत झाले. परंतु मन बिघडलेल्याला कोंडून ठेवण्याची तजवीज करणे निराळे आणि मेंदू फुटलेल्याला वाचवणे निराळे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी हुबळी-धारवाडचा मनुष्य आगगाडीने मिरजेस जाई, जेथे डॉ. वानलेस यांच्या मिशन इस्पितळाचा लौकिक दक्षिण महाराष्ट्रभर पसरला होता, नाहीतर थेट मुंबई गाठी. केवळ मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी वाहिलेला विभाग तर हिंदुस्थानात 1949 पर्यंत नव्हताच. त्या वर्षी मॉन्ट्रियलला मेंदूचे शल्यविशारद पेनफील्ड यांच्या हाताखाली शिकून आलेल्या डॉ. जेकब चँडी यांनी वेल्लोरला तो उघडला, पाठोपाठ मद्रासेत डॉ. बी. राममूर्ती यांनी काम सुरू केले, आणि मुंबईत या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत डॉ. राम गिंडे होते, ज्यांचे आडनाव ऐकताच आमच्याकडच्या संगीतवेड्या माणसाला बैलहोंगलचे पंडित के. जी. गिंडे आठवल्यावाचून राहत नाहीत. 1956 साली राज्यांची पुनर्रचना होऊन धारवाड म्हैसूर राज्यात गेले, 1957 साली हुबळीस वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि मेंदूच्या रुग्णाने पाहावयाची दिशा मुंबईकडून बंगळूरकडे वळली, जेथे 1974 साली ‘निम्हान्स’ ही संस्था आकारास आली. दिशा बदलली तरी अंतर फारसे कमी झाले नाही. बंगळूर आमच्यापासून चारशे किलोमीटरांवर आहे, आणि कानशिलाची धमनी फाटलेल्या रुग्णाच्या हिशेबाने चारशे किलोमीटर म्हणजे परलोकच.

आज ती स्थिती नाही, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. हुबळीचे सरकारी इस्पितळ, ज्याचे नाव कागदोपत्री कित्येक वर्षे ‘किम्स’ होते तरी रिक्षावाले ‘केएमसी’च म्हणत आले, तेथे मेंदूची शस्त्रक्रिया होते, धारवाडजवळच्या सत्तूर येथील एस.डी.एम. रुग्णालयात होते, खाजगी रुग्णालयांतही होते. सी.टी. स्कॅनचे यंत्र, जे 1971 साली लंडनमध्ये एका रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढण्यासाठी प्रथम वापरले गेले आणि ज्यापायी त्याचे जनक हाउन्सफील्ड यांना 1979 चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते आता आमच्याकडे अपूर्वाईचे राहिलेले नाही. तेव्हा अडते कोठे?

अडते ते रवानगीत. धारवाड, गदग, हावेरी, उत्तर कन्नड, बागलकोट, कोप्पळ अशा जिल्ह्यांतून डोक्याला मार लागलेला रुग्ण अखेर हुबळीस येतो. पण तो सरळ येत नाही, पायरीपायरीने येतो. प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून तालुक्याचा दवाखाना, तेथून जिल्ह्याचे इस्पितळ, आणि तेथून ‘हुबळीला न्या’ असे लिहिलेली चिठ्ठी. प्रत्येक पायरीवर नव्याने नाडी पाहिली जाते, नव्याने केसपेपर निघतो, नव्याने सलाईन लागते, आणि डोक्यातले रक्त तेवढ्या अवकाशात आपले काम चोख करीत असते. अधल्यामधल्या पायरीवरचा डॉक्टर आळशी असतो असे नव्हे; त्याला करता येण्यासारखे फार थोडे असते, आणि जे येण्यासारखे आहे (मान न हलवता श्वासमार्ग मोकळा राखणे, बाहुल्या पाहून वेळ टिपणे, पुढच्या इस्पितळाला आगाऊ दूरध्वनी करणे) ते करण्याचा शिरस्ता पडलेला नाही. शुद्धीची पातळी आकड्यात मांडण्याची पद्धत ग्लासगोच्या टीसडेल व जेनेट यांनी 1974 सालीच घालून दिली. डोळे, वाणी आणि हालचाल यांना गुण देऊन तीन ते पंधरापर्यंत बेरीज करावयाची, एवढाच तो प्रकार. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. चिठ्ठीवर ‘सात वाजता तेरा, आठ वाजता नऊ’ एवढे दोन आकडे असले, तर हुबळीचा शल्यविशारद रुग्ण पोचण्यापूर्वीच शस्त्रक्रियागृह सज्ज करवू शकतो. आणि ‘रुग्ण गंभीर, पुढे पाठवीत आहे’ एवढेच असले, तर सारे पहिल्यापासून.

रस्त्याचे दैव तर आणखी निराळे. पुणे-बंगळूर महामार्ग आमच्या दोन शहरांना वळसा घालतो तो सुमारे तीस किलोमीटरांचा टप्पा, अलीकडे-पलीकडे रुंद रस्ता असताना, कित्येक वर्षे दुपदरीच राहिला. 2021 च्या जानेवारीत इटिगट्टीजवळ गोव्याला सहलीस निघालेल्या दावणगेरेच्या स्त्रियांच्या गाडीचा तेथे भीषण अपघात होऊन दहाहून अधिक बळी गेले, तेव्हा कोठे रुंदीकरणाच्या मागणीला धार आली. 2008 पासून राज्यात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका धावते, ही मोठीच सोय. पण घाटापलीकडच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या मनुष्याला मंगळूर-मणिपाल, गोवा आणि हुबळी या तिन्ही दिशा सारख्याच दूर. म्हणूनच 2022 साली त्या जिल्ह्यातील लोकांनी सुसज्ज रुग्णालयाच्या मागणीसाठी मोठी चळवळ उभारली. त्यातच रस्त्यात पडलेल्याला उचलणाऱ्याच्या मनात पंचनामा, जबानी आणि कोर्टाच्या खेपा यांचे भय अजून घर करून आहे. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच, कायदेशीर सोपस्कारांसाठी उपचार अडवून ठेवता येणार नाहीत, असे बजावले आहे, आणि मदत करणाऱ्याला चौकशीचा त्रास होऊ नये यासाठीचे नियमही 2016 साली न्यायालयाच्या संमतीने लागू झाले. कायदा दप्तरात पोचला; चहाच्या टपरीवर अजून पोचावयाचा आहे.

पैशाच्या बाबतीत आमच्या राज्याने जे केले, ते मात्र दखल घेण्याजोगे आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हृदय, कर्करोग, मेंदू, मूत्रपिंड, भाजणे, मोठे अपघात अशा महागड्या दुखण्यांत मोफत उपचार देणारी ‘वाजपेयी आरोग्यश्री’ योजना 2010 साली कर्नाटकाच्या उत्तर भागात आधी लागू झाली. दक्षिणेत ती अद्याप यावयाची होती, त्यामुळे सीमारेषेच्या अलीकडची आणि पलीकडची गावे ताडून पाहण्याची दुर्मीळ संधी संशोधकांना मिळाली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, योजनेत मोडणाऱ्या दुखण्यांनी होणारे गरीब कुटुंबांतले मृत्यू योजनेच्या गावांत सुमारे 64 टक्क्यांनी कमी होते. यातला मुख्य भाग हृदयविकार आणि कर्करोग यांचा होता, हे सांगितले पाहिजे. त्या रोगांना तारखा देता येतात, डोक्यातल्या रक्ताला देता येत नाहीत. 2018 नंतर आयुष्मान भारतशी जोडलेल्या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे छत्र आहे. मोठ्या उपचारासाठी सरकारी इस्पितळाची शिफारस लागते, ठरावीक तातडीच्या उपचारांना ती अट नाही. सरहद्दीचे राजकारण येथेही डोकावते. 2023 साली महाराष्ट्राने आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील 865 मराठी गावांना लागू केली, आणि दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांत त्यावरून खडाजंगी उडाली. हुबळी-धारवाडचे मराठी भाषक त्या यादीत नाहीत, त्यामुळे आम्हांला हा तंटा प्रेक्षकांत बसून पाहता आला. उलट बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने 2018 पासून परप्रांतीय रुग्णांना शुल्क लावले, त्याची झळ कारवार-बेळगावकडच्या गरिबांना लागली.

आता थोडे आफ्रिकेकडे वळू, कारण दारिद्र्य आणि अंतर या दोन्ही गोष्टींशी तेथल्या शल्यविशारदांनी जो मुकाबला केला आहे त्यात आपल्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे. युगांडात, जेथे या शतकाच्या आरंभी मेंदूचे शल्यविशारद बोटांवर मोजण्याइतके होते, बेंजामिन वॉर्फ हा अमेरिकन बालशल्यविशारद म्बाले या गावच्या रुग्णालयात काम करू लागला. त्याच्याकडे येणारी मुले प्रामुख्याने डोक्यात पाणी साचलेली असत. आपल्या मेंदूत दररोज सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होते आणि तेवढेच रक्तात शोषले जाते. वाट तुंबली की तान्ह्या मुलाचे डोके फुगत जाते, टाळू ताणते, नजर खाली वळते. मेंदूतून कातडीखालून पोटात उतरणारी बारीक नळी, म्हणजे शंट, बसवणे हा रूढ उपाय. अमेरिकन बनावटीचा शंट साडेसहाशे डॉलरांच्या घरात पडे; वॉर्फने सुमारे 35 डॉलरांना मिळणारा, उत्तर प्रदेशातील शहाजहानपूरला बनणारा छाब्रा शंट घेतला, 195 मुलांमध्ये दोन्ही शंटांची तुलना केली, आणि एका वर्षाअखेर परिणामांत फरक पडत नाही, असे 2005 साली सिद्ध केले. शहाजहानपूरच्या या मालाने विषुववृत्तावरच्या मुलांचे प्राण राखले, ही वार्ता आपल्याकडच्या किती वर्तमानपत्रांनी छापली असेल, देव जाणे.

पण वॉर्फ तेवढ्यावर थांबला नाही. नळी आज ना उद्या तुंबते, आणि तुंबली की काही तासांत मूल दगावू शकते. बोस्टनच्या आईला रुग्णालय जवळ असते, म्बालेच्या आईला पायवाट, मग बस, मग उसने पैसे. म्हणून त्याने नळीच टाळण्याचा मार्ग धरला: दुर्बिणीतून मेंदूतील पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला नवी वाट द्यावयाची आणि पाणी निर्माण करणारा पेशीगुच्छ जाळून कमी करावयाचा. अनेक मुले त्यामुळे नळीवाचून वाढली, आणि 2012 साली त्याला अमेरिकेतील मॅकआर्थर पारितोषिक मिळाले. त्याच्या हस्तकौशल्यापेक्षा मला मोलाचे वाटते ते हे की, रुग्णाच्या घरापासूनचा रस्ता त्याने शस्त्रक्रियेच्या आराखड्यातच धरला. गदग किंवा कोप्पळच्या एखाद्या खेड्यातल्या मुलाला हुबळीस शंट बसवून घरी धाडताना हाच विचार किती ठिकाणी होतो, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

टांझानियातील हायडोम येथे 2006 च्या सुमारास डिलन एलेगाला या अमेरिकन शल्यविशारदाने याहून धाडसाची गोष्ट केली. पूर्ण डॉक्टरही नसलेल्या एका साहाय्यक वैद्यकीय अधिकाऱ्याला त्याने कवटी उघडण्याची शस्त्रक्रिया शिकवली. त्यावर टीका झाली, आणि ती सर्वस्वी अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. पण ज्यांच्यापुढे शल्यविशारद की साहाय्यक असा पर्याय नसून साहाय्यक की मरण असा असतो, त्यांनी त्या टीकेकडे कसे पाहावे? ऑस्ट्रेलियासारख्या संपन्न देशातही 2009 साली व्हिक्टोरिया प्रांतातील एका छोट्या गावी सायकलवरून पडलेल्या मुलाच्या कवटीला गावच्या डॉक्टरने, मेलबर्नच्या शल्यविशारदाच्या दूरध्वनीवरील सूचनांनुसार, इस्पितळाच्या डागडुजीच्या सामानातले घरगुती ड्रिल वापरून भोक पाडले आणि मूल वाचवले.

आमच्या जिल्हा इस्पितळांत, आणि काही तालुक्यांच्या दवाखान्यांतही, साधारण शस्त्रक्रिया करणारे सर्जन आहेत. ते आतड्याला पडलेले भोक शिवतात, अडलेल्या बाळंतिणीला भूल देण्याची सोय त्यांच्या शस्त्रक्रियागृहात असते, आणि तरीही विस्फारलेल्या बाहुलीपुढे ते हात बांधून रुग्णवाहिकेची वाट पाहतात. सी.टी.शिवाय भोक चुकीच्या जागी पडेल, हा आक्षेप खरा आहे, म्हणून आधी यंत्र आणि मग गिरमिट हाच क्रम धरावा. कोर्टकज्जाची भीतीही खरी आहे, म्हणून सरकारने लेखी मुभा आणि संरक्षण द्यावे. चांगला रस्ता आणि शेजारी शल्यविशारद असेल तेथे हे करू नयेच. हावेरी, शिरसी, कोप्पळ यांसारख्या ठिकाणच्या सर्जनांना हुबळीच्या मेंदूविभागात काही महिने ठेवून एवढी एकच शस्त्रक्रिया शिकवावी, त्यांच्या दवाखान्यात ते गिरमिट आणि ती तार ठेवावी, आणि हुबळीत रात्रंदिवस उचलला जाणारा एक दूरध्वनी असावा, यास सरकारच्या एकूण आरोग्यखर्चाच्या मानाने लागणारी रक्कम किरकोळ आहे. अडेल ते मंजुरीत, आणि मंजुरीची मुदत ठरवण्याचा अधिकार रुग्णाच्या धमनीला नसतो.