सिनॅप्टिक गेलं कुठं?

ऑक्टोबर २०११ मध्ये उबुंटू या लिनक्स प्रणालीची ११.१० ही आवृत्ती आली आणि ती नव्याने बसवणारी जुनी मंडळी चमकली. मेनूतून सिनॅप्टिक गायब!

लिनक्सवर प्रोग्राम बहुधा पॅकेजच्या रूपात येतो आणि एका पॅकेजला चालायला आणखी चार लागतात. कुणाला काय लागतं, हा हिशेब ‘एपीटी’ ही यंत्रणा पडद्याआड सांभाळते. सिनॅप्टिक म्हणजे त्या हिशेबाची उघडी खतावणी. हजारो पॅकेजांची यादी, प्रत्येकाशेजारी छोटा चौकोन. बसवायचं-काढायचं त्यावर खूण करायची आणि शेवटी एकदाच ‘अप्लाय’.

सोय मोठी, तसा धोकाही. बिनकामाची वाटणारी लायब्ररी काढली, तर तिच्यावर विसंबलेले प्रोग्रामही सोबत जातात. तशी सूचना सिनॅप्टिक देतं, पण ती वाचतो कोण? नवख्यांसाठी २००९ पासून ‘सॉफ्टवेअर सेंटर’ होतंच : चित्र, वर्णन आणि एक बटण.

म्हणून सिनॅप्टिक मूळ संचातून काढलं. मात्र काढलं म्हणजे मोडीत काढलं नव्हे. टर्मिनलमध्ये ‘सुडो एपीटी-गेट इन्स्टॉल सिनॅप्टिक’ ही आज्ञा दिली, की स्वारी परत हजर. मिक्सर आला म्हणून पाटा-वरवंटा माळ्यावर गेला, एवढंच.