माळ्यावरचा ग्रास कटर

नागपूर-हैदराबाद महामार्ग वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या जामला आला की तिथून वरोरा-चंद्रपूरचा रस्ता फुटतो. भोवती काळी जमीन, त्यात पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. जूनमध्ये दोन पाऊस झाले की धुऱ्यावर गाजरगवत उठतं आणि अशा गावांत माळ्यावरचा ग्रास कटर खाली निघतो. दोरी ओढून खांदा भरून येतो, पण मशीन उठत नाही. मालक म्हणतो, ‘दिवाळीपर्यंत तर मस्त चालत होतं!’

त्याचं म्हणणं खरंच असतं. हे मशीन कामापेक्षा बसून जास्त बिघडतं. टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि उरलेली चिकट राळ कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत बसते. त्यात 2023पासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही.

मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट असतो. कटर मात्र चालवताना वाकडातिकडा होतो, म्हणून त्यात फ्लोटऐवजी पातळ पडदे बसवलेले असतात. इंजिनातल्या दाबाच्या चढउतारावर त्यातला एक पडदा हलतो आणि पेट्रोल ओढतो. तो कडक झाला की मशीन चोकवर सुरू होतं आणि रेस देताच मरतं. अशा वेळी पूर्ण कार्बोरेटर बदलायची घाई करू नये. बहुतेकदा पडद्यांचं किट, नवी नळी आणि टाकीतला फिल्टर एवढ्यावर भागतं.

मशीन सुरू होतं पण उचल घेत नसेल, तर सायलेन्सर उघडून पाहावा. त्याच्या तोंडाशी कार्बन साचलेला सापडतो.

नायलॉनच्या दोरीने गवत कापण्याची कल्पना अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना 1971मध्ये सुचली, गाड्या धुण्याच्या केंद्रातले फिरते ब्रश पाहून. आपल्याकडे त्याच दांड्यावर पाती लावून सोयाबीनची सोंगणीही होते.

वर्धा जिल्ह्यात यंत्राचा विषय निघाला की मला गांधीजींच्या चरखा संघाची स्पर्धा आठवते. सुधारित चरख्यासाठी 1929मध्ये एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. किंमत 150 रुपयांच्या आत, आयुष्य 20 वर्षं आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या 5 टक्क्यांच्या आत, अशा त्याच्या अटी होत्या. यंत्र विकत घेतानाच त्याच्या दुरुस्तीचा हिशेब मांडणारी ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. जुना टू-स्ट्रोक कटर मोजके पाने घेऊन घरच्या ओट्यावर खोलता येतो, म्हणून तो टिकवावा असं माझं ठाम मत आहे.

मात्र त्याच्या पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलमध्ये काटकसर चालत नाही. कंपनीने 25:1 सांगितलं असेल तर लिटरला 40 मिलिलिटर, 50:1 असेल तर 20. अंदाजाने धार सोडू नये. फोर-स्ट्रोक मशीनच्या पेट्रोलमध्ये सहसा ऑइल घालायचं नसतं. त्याचं ऑइल वेगळं भरतात. पात्याकडच्या गिअरला अधूनमधून ग्रीस द्यावं. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो.

ब्लॉकमध्ये उभे ओरखडे पडले असतील, तर पिस्टन-रिंग बदलून उपयोग नसतो. ब्लॉकसकट नवा संच नव्या मशीनच्या निम्म्या किमतीला जात असेल तर तिथे थांबावं. कॉइल, क्लच आणि गिअर काढून ठेवावेत, दुसऱ्या मशीनला ते लागतातच.