गाणे कोणाचे?

गाणी साठवण्याचा नाद असलेल्या माणसाच्या घरी एक तरी खोके असे असते, की ज्याच्याकडे बाकीची मंडळी दिवाळीच्या साफसफाईत फार अर्थपूर्ण नजरेने पाहतात. आमचे खोके माळ्यावर आहे. त्यात साठ-सत्तर कॅसेट, पंचवीस-तीस सीडी आणि सैल झालेली फीत गुंडाळण्यासाठी जपून ठेवलेली एक षट्कोनी पेन्सिल असा ऐवज आहे. कॅसेट वाजवायचे यंत्र दुरुस्त करणारा माणूस हल्ली मिळत नाही, आणि फीत काही कोणासाठी थांबत नाही. तिच्यावरचा आवाज वर्षागणिक पुसट होत जातो. तेव्हा यंत्र चालते आहे तोवर सारे संगणकात उतरवून घ्यावे, असे मी ठरवले.

हाताशी होता तो मुलाने ‘आता हा चालत नाही’ म्हणून टाकून दिलेला दहा वर्षांचा संगणक. त्याच्यावर लिनक्स घातले. या प्रणालीचा गाभा हेलसिंकी विद्यापीठातल्या लायनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला आणि पुढे जगभरच्या माणसांनी तो हौसेने वाढवला. दाम नाही, परवान्याची कटकट नाही, आणि म्हाताऱ्या यंत्रावरही ती निमूट चालते. आवाज उतरवून घ्यायला ‘ऑडॅसिटी’ नावाचा कार्यक्रम आहे, तोही फुकट. कॅसेटयंत्राच्या कर्णफोनाच्या भोकातून एक तार संगणकाच्या भोकात घातली, की काम सुरू. घाई मात्र चालत नाही. तासाभराच्या कॅसेटला तासच लागतो. तोवर उत्तरपत्रिका तपासाव्यात, वाटाणे सोलावेत.

उतरवलेले गाणे ठेवायचे कशात, हा पुढला प्रश्न. सीडीच्या पद्धतीने आवाजाचे माप दर सेकंदाला ४४,१०० वेळा घेतले जाते, आणि तेही दोन्ही कानांसाठी निरनिराळे. मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट, म्हणजे तासाभराच्या कॅसेटला सहाशेच्या वर. एमपी-थ्री ही पद्धत यातला कानाला ऐकू न येणारा भाग ओळखून तो टाकून देते. स्वयंपाकघरात पातेले पडले त्या क्षणी घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. मग ती कशाला साठवा, असा हा हिशेब. साधारण दराने ठेवले, तर आकार अकरावा हिस्सा होतो. हिशेब हुशारीचा आहे. पण फार काटकसर केली, तर तंबोऱ्याची जवारी निस्तेज होते असे माझ्या कानाला वाटते. शिवाय एकदा टाकले ते टाकले. उलट, जॉश कोलसन याने २००१ साली पुरी केलेली ‘फ्लॅक’ ही पद्धत काहीच टाकत नाही. ती गाणे नुसते घडी घालून ट्रंकेत ठेवते. उलगडले की काठपदरासह जसेच्या तसे. जागा मात्र मूळच्या निम्म्याच्या आसपास लागते.

म्हणून माझा नियम असा: ट्रंकेत फ्लॅक, आणि फोनवर न्यायला त्यावरून काढलेली एमपी-थ्री. लिनक्सवर ‘एफएफएमपेग’ नावाचे हत्यार आहे. त्याला एका ओळीची आज्ञा दिली, की आख्खा खण चहा होईपर्यंत बदलून मिळतो. या उलट दिशेने मात्र जाऊ नये. पाणी घातलेले दूध मोठ्या पातेल्यात ओतले म्हणून निर्भेळ होत नाही.

इथवर सारे यंत्राचे काम. खरी गंमत आणि खरी अडचण पुढेच आहे. संगणकात गाणी जमा झाली, पण त्याच्या लेखी ती सगळी ‘अज्ञात कलाकार’. प्रत्येक गाण्याच्या पोटात एक चिठ्ठी घालावी लागते. तिला टॅग म्हणतात. ही गरज मात्र संगणकाइतकी नवी नाही. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजान यांचे गाणे पहिल्यांदा तबकडीवर घेतले, तेव्हा गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. तबकड्या छापायच्या होत्या जर्मनीत. तिथल्या कारागिराला गाणे कोणाचे, हे कळावे कसे? आणि आम्हां मराठी शिकवणाऱ्यांना तर याहून जुने उदाहरण रोज समोर असते. अभंगाच्या शेवटच्या चरणात तुका, नामा, जनी आपले नाव ओवून ठेवतात. वही हरवली, पाठांतर करणारा बदलला, तरी नाव अभंगाच्या अंगातच असल्यामुळे ते बरोबर जाते.

एमपी-थ्रीची पहिली चिठ्ठी १९९६ सालची. तिच्यात जागा सगळी मिळून १२८ बाइट. गाण्याला तीस, गायकाला तीस, तबकडीला तीस. देवनागरीचा विचार अर्थातच कोणी केला नव्हता. आजच्या रूढ पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह, मग ते अक्षर असो की नुसता काना किंवा वेलांटी, तीन बाइट खाते. ‘माणिक वर्मा’ हे नाव मधली मोकळी जागा धरून होते बरोबर ३१ बाइट. म्हणजे शेवटचा काना मोडणार! १९९८ पासून मोठी चिठ्ठी आली आणि ती अडचण सरली. पण रकाने पाहिले, की चिठ्ठी कोणत्या गाण्यासाठी बेतलेली आहे ते कळते. कलाकार, अल्बम, क्रमांक, वर्ष. कवीचा रकाना आहे, पण तो एका कोपऱ्यात. बहुतेक कार्यक्रम वाजवताना तो दाखवतही नाहीत.

आता ‘गीतरामायण’ घ्या. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ते सुरू झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. रेडिओवर गायले अनेकांनी, आणि पुढे सगळे फडक्यांच्या स्वतःच्या आवाजात निघाले. ‘कलाकार’ या एका रकान्यात लिहायचे कोणाला? गदिमांना वगळले, तर ते गीतरामायण राहील का? क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवलात, तर संगणक छप्पन्न गाणी अकारविल्ह्याने लावतो आणि कथेचा पार बोजवारा उडतो. ‘मानापमान’ आणखी अवघड. नाटक १९११ चे, पदे खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ध्वनिमुद्रिका नंतरची, सीडी त्याच्याही नंतरची. वर्ष कोणते लिहावे? मी तिन्ही लिहिते. फ्लॅकच्या चिठ्ठीत ही मुभा आहे: रकाने आपण हवे तितके नेमावेत, एकच रकाना दोनदा-तीनदा भरावा. रकान्याचे नाव तेवढे रोमन अक्षरांत द्यावे लागते. आतला मजकूर खुशाल देवनागरीत. माझ्या चिठ्ठ्यांत कवी, संगीतकार, नाटक, राग, ताल असे रकाने आहेत. भरायला ‘किड-थ्री’ वापरते. वाजवायला ‘क्वॉड लिबेट’. त्याला ‘राग यमन’ एवढे सांगितले, की नाट्यपद, ख्याल, भावगीत सगळे एका पंगतीला बसतात. जुनी तबकडी हळू आणि नवी सीडी कानठळ्या बसवणारी, यावरही चिठ्ठीतच उपाय आहे. आवाज किती चढवावा-उतरवावा याचा आकडा तिच्यात ठेवता येतो, मूळ गाण्याला धक्का न लावता.

शुद्धलेखनाला नाके मुरडणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी हे काम एकदा करून पाहावे. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ ही संगणकाच्या मते तीन निरनिराळी माणसे. त्याहून छळवाद ‘वाऱ्यावर’ या शब्दातल्या अर्ध्या र चा. तो दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही अगदी एकसारखे दिसतात, पण शोधायला गेले, की एक सापडतो आणि दुसरा दडी मारतो. एक प्रकार धरावा आणि तोच चालवावा.

बाजारच्या सीडीची चिठ्ठी आयतीही मिळते. ‘म्युझिकब्रेन्झ’ या स्वयंसेवकांनी भरलेल्या सूचीत ‘पिकार्ड’ नावाचा कार्यक्रम गाण्याचा ठसा जुळवून नावे घेऊन येतो. हिंदी चित्रपटांच्या बाबतीत बरे जमते. नाट्यपदांच्या बाबतीत तो माझ्याकडे पुष्कळदा हात हलवीत परत आला. तिथे सीडीचे वेष्टन आणि आपला चष्मा!

आणि खोक्यात एक कॅसेट अशी होती, की तिची चिठ्ठी जगातल्या कोणत्याच सूचीत मिळाली नसती. १९८७ साली सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, लग्नघरी हळद दळताना माझ्या आतेभावाने त्या ओव्या टेपून ठेवल्या होत्या. जात्याची घरघर, मध्येच कोंबडा, आणि पाच बायकांचे आवाज. ओवी रचणारीने तिच्यात आपले नाव गुंफलेले नाही. भावाचे गुंफले आहे. मी तेव्हा सात वर्षांची. मला एकही आवाज धड ओळखता येईना. ओळखू शकेल असे माणूस आता एकच उरले आहे: आत्या. तिला चौऱ्याऐंशीवे चालू आहे.

गेल्या उन्हाळ्यात संगणक तिच्याकडे घेऊन गेले. पहिली ओवी लागताच ती म्हणाली, “अगं, ही तर आई.” म्हणजे माझी आजी. दुसरी आत्या स्वतः. तिने ते जरा लाजून सांगितले. तिसरी थोरली काकू, चौथी सुताराची सून द्वारका. गायिकेचा रकाना मी तिच्यासमोरच चारदा भरला. पाचवा आवाज सर्वांत मोकळा, सर्वांत सुरेल. तो तिने तीनदा परत लावायला सांगितला.

“ही वरच्या आळीची. कासाराची बहीण. नाव काय गं तिचं... आम्ही सगळ्या नुसतं ताई म्हणायचो.”

पाचव्या रकान्यात सध्या ‘कासाराची बहीण, वरची आळी’ एवढेच आहे. येत्या भाऊबीजेनंतर आतेभाऊ गावी जाणार आहे. त्याच्या फोनवर त्या ओव्यांची एमपी-थ्री घालून दिली आहे; कासाराच्या घरी कोणी असेल, त्यांना ऐकवून नाव विचारून ये म्हटले आहे.