पडद्यावरची समीकरणे: हिंटिंग किती आणि कोणत्या दिशेने?

फाँटमध्ये अक्षराची आकृती वक्ररेषांच्या स्वरूपात साठवलेली असते, तर पडदा म्हणजे पिक्सेल नावाच्या चौकोनी ठिपक्यांची जाळी. आकृतीच्या कडा या जाळीशी जुळाव्यात म्हणून लहान आकारात त्या किंचित सरकवण्याच्या ज्या सूचना फाँटमध्ये दिलेल्या असतात किंवा संगणक स्वतः तयार करतो, त्यांना हिंटिंग म्हणतात. साध्या मजकुरात एखादे अक्षर थोडे जाड दिसले तरी वाचन अडत नाही. गणितात मात्र चिन्ह किती वर आणि किती खाली बसले यावर अर्थ ठरत असल्यामुळे ही निवड नाजूक होते.

डोनाल्ड कनूथ यांनी टेक या अक्षरजुळणी प्रणालीसाठी रचलेली कॉम्प्युटर मॉडर्न ही अक्षरमालिका मुळात छापील पानासाठी होती. तिच्या १० पॉइंट (पॉइंट हे छपाईतील मापाचे एकक) आकारातील उभ्या जाड रेषा सुमारे ०.६९ पॉइंट, तर बारीक रेषा अवघ्या ०.२५ पॉइंट जाडीच्या आहेत. इंचाला ९६ पिक्सेल असलेल्या पडद्यावर बारीक रेषेच्या वाट्याला पिक्सेलचा एक तृतीयांश भाग येतो. पादांकाचा पादांक ५ पॉइंटात बसतो आणि त्यातील x ची उंची जेमतेम तीन पिक्सेल भरते.

बरोबरचे चिन्ह जवळून पाहिले की अडचण स्पष्ट होते. त्याच्या दोन्ही रेषा ०.४ पॉइंटच्या, म्हणजे साधारण अर्ध्या पिक्सेलच्या असतात. हिंटिंग नसेल तर एक रेषा पिक्सेलच्या एकाच ओळीत सामावून करडी दिसते आणि दुसरी दोन ओळींत विभागून आणखी फिकट पडते, त्यामुळे समान रेषा असमान भासतात. उभ्या दिशेतील हिंटिंग दोन्ही रेषा पूर्ण ओळींवर आणते आणि हा दोष जातो. अपूर्णांकाची रेषा मात्र फाँटमधले चिन्ह नसून टेकने स्वतंत्रपणे आखलेली पट्टी असते, तिला हिंटिंग लागू होत नाही. म्हणून शेजारचे वजा चिन्ह वर सरकले आणि ती जागीच राहिली, तर एका पातळीवर असायला हव्या त्या दोन रेषांत पायरी पडते. वर्गमूळाचे चिन्ह आणि त्यावरची आडवी रेषा यांच्या सांध्यावर, तसेच तुकडे जोडून उभ्या केलेल्या मोठ्या कंसांत हीच अडचण उद्भवते.

आडव्या दिशेत हिंटिंग बहुधा अपायच करते. टेक प्रत्येक चिन्हाची जागा पॉइंटच्या ६५,५३६व्या भागापर्यंत ठरवते आणि पीडीएफमध्ये ती जवळजवळ तशीच राहते. पूर्ण हिंटिंगने अक्षरांचे आकार आडवे सरकले की मधल्या जागा विस्कळीत होतात आणि तिरक्या f च्या कडेला पायऱ्या दिसू लागतात.

हिंटिंगच्या पद्धतीही एकसारख्या नाहीत. पोस्टस्क्रिप्टच्या टाइप १ फाँटमध्ये रेषा कोठे आहेत आणि कोणत्या उंच्या सांभाळायच्या एवढेच सांगितलेले असते. १९९१ साली ॲपलने आणलेल्या ट्रूटाइपमध्ये अक्षरागणिक छोटा प्रोग्रॅम लिहिता येतो, ज्याने परिणाम उत्तम साधतो, पण हजारो गणिती चिन्हांसाठी तो हाताने लिहिणे फार खर्चिक ठरते. फ्रीटाइप या मुक्त प्रणालीतील स्वयंचलित हिंटिंग अक्षरांच्या ठरावीक उंच्यांवर विसंबते, आणि बेरीज-चिन्ह ∑ किंवा संकलन-चिन्ह ∫ त्या उंच्यांवर बसलेले नसते. २०१३ साली अडोबीने फ्रीटाइपला दिलेली यंत्रणा मात्र टाइप १ च्याच कुळातील सीएफएफ फाँटमधले संकेत केवळ उभ्या दिशेत वापरते, आणि गणितासाठी सर्वांत विश्वासार्ह वाट हीच आहे: फाँटकर्त्याने दिलेले उभे संकेत पाळावेत, आडव्या जागांना हात लावू नये.

मायक्रोसॉफ्टने २००७ साली कॅम्ब्रिया मॅथ या फाँटसोबत आणलेल्या गणिती तक्त्यात वजा चिन्ह व अपूर्णांकाची रेषा ज्या पातळीवर येतात ती पातळी आणि त्या रेषेची जाडी यांची नोंद असते, त्यामुळे सॉफ्टवेअरला दोन्ही रेषा एकत्र पिक्सेलवर बसवणे शक्य होते. इंचाला ३२६ पिक्सेलच्या पडद्यावर ०.४ पॉइंटची रेषा पावणेदोन पिक्सेलांहून जाड उमटते आणि तेथे हिंटिंग बंद ठेवणेच श्रेयस्कर. देवनागरी मजकुरात समीकरण आले, की शिरोरेखाही याच उभ्या हिंटिंगने पूर्ण ओळीवर येते; म्हणून मराठी गणित-पुस्तकाची पीडीएफ साध्या पडद्यासाठी तपासताना मजकूर आणि सूत्रे यांना एकच हलके, उभे हिंटिंग लावावे, नाहीतर ठळक शिरोरेखेखाली सूत्रेच फिकी पडतात.