परमुलखातील ई-सिम

उन्हाळ्याच्या सुटीत महाराष्ट्रातून जी कुटुंबे पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली अशा रुळलेल्या सहलीस निघतात, त्यांच्या तयारीत व्हिसा, विमा आणि मेतकुटाची पुडी यांच्या जोडीला अलीकडे ई-सिम नामक एका अदृश्य वस्तूची भर पडली आहे. आणि व्हिसाच्या अर्जातील प्रत्येक रकाना चारचारदा ताडून पाहणारा गृहस्थ ही वस्तू मात्र ‘दहा जीबी, स्वस्तात स्वस्त’ एवढ्या एकाच निकषावर जेवता जेवता विकत घेतो. माझ्या मते किती जीबी हा प्रश्न अगदी शेवटचा. ती योजना नेमक्या कोणत्या देशांच्या हद्दीत चालते, हा पहिला.

सिम म्हणजे मुळात ग्राहकाची ओळख पटविणारा दाखला. ई-सिममध्ये त्यासाठीची चकती फोनच्या अंगातच कायमची जडविलेली असते आणि दाखला तेवढा इंटरनेटवरून उतरवून घ्यावयाचा असतो. *#०६# हे बटणांवर दाबले असता आयएमईआय क्रमांकासोबत ईआयडी नावाचा ३२ अंकी क्रमांक दिसला, म्हणजे फोनात ही सोय आहे असे समजावे. परंतु अमेरिकेतील चिरंजीवांनी पाठविलेला फोन तेथील एखाद्या कंपनीशी करारबद्ध असेल, तर सोय असूनही तो परक्या कंपनीचा दाखला स्वीकारीत नाही, याची खातरजमा घरीच करून घेतलेली बरी.

आता हद्दीचा प्रश्न. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपल्या सदस्य-राष्ट्रांतील ग्राहकांना परस्परांच्या मुलखात लागणारा रोमिंगचा जादा आकार, वाजवी वापराच्या मर्यादेत, रद्द केला; संघाबाहेरचे नॉर्वे, आइसलँड आणि चिमुकले लिख्टेनश्टाइन हेही त्या व्यवस्थेत सामील झाले, परंतु स्वित्झर्लंड मात्र तिच्याबाहेरच राहिले. युरोपातील एखाद्या कंपनीने ‘युरोप’ अशा भारदस्त नावाने विकलेल्या काही योजनांत स्वित्झर्लंड गाळलेले असते किंवा त्याचा दर निराळा असतो, त्याचे मूळ बव्हंशी येथेच आहे. परिणामी लिख्टेनश्टाइनमधील फाडुत्झच्या बाजारपेठेत उत्तम चालणारा फोन, बस ऱ्हाइन नदी ओलांडून ल्युसर्नच्या वाटेला लागताच निपचित पडावा, आणि ज्या युंगफ्राउयोखवरून, म्हणजे ३,४५४ मीटर उंचीवरून, घरच्यांना बर्फ दाखवावयाचे योजिलेले असते तेथेच नेमकी पंचाईत व्हावी, असा प्रकार संभवतो. नकाशावरील युरोप आणि योजनेतील युरोप हे दोन निराळे प्रदेश होत, एवढे ध्यानी धरून देशांची यादी शब्दशः वाचावी.

मुदतीचेही तसेच. काही योजनांची मुदत परदेशी नेटवर्कशी प्रथम जोडणी झाल्यापासून, तर काहींची दाखला फोनात उतरविल्या क्षणापासून मोजली जाते; दुसऱ्या प्रकारची योजना उत्साहाच्या भरात आठवडाभर आधी बसविणाऱ्याचे दिवस मुंबईतच खर्ची पडतात. मजकुरात हे स्पष्ट नसेल तर विक्रेत्यास लेखी विचारावे. दाखला उतरविण्यासाठी विक्रेता पाठवितो तो क्यूआर संकेत छापून जवळ ठेवावा किंवा पत्नीच्या फोनावर पाठवावा, कारण तो ज्या फोनात भरावयाचा त्याच्याच पडद्यावर असला तर कॅमेरा रोखायचा कशावर? आणि एकदा बसविलेला दाखला चुकूनही पुसू नये. पुष्कळदा तोच संकेत पुन्हा चालत नाही. ‘अमर्याद’ या विशेषणावर तर विसंबूच नये: रोजचा ठराविक वाटा संपताच वेग इतका घटतो, की निरोप जातात पण चित्र हलत नाही.

प्रवासी ई-सिम बहुधा केवळ डेटा देते, दूरध्वनी क्रमांक देत नाही. म्हणून बँकेचा ओटीपी जुन्या भारतीय क्रमांकावरच येणार. तेव्हा ते सिम चालू ठेवावे, त्यावरील डेटा रोमिंग बंद करावे, आणि परदेशात संदेश मिळण्याची सेवा निघण्यापूर्वीच कंपनीकडून सुरू करून घ्यावी. त्या क्रमांकावर आलेला फोन उचलल्यास मात्र आकार पडतो. व्हॉट्सअ‍ॅपने नवा क्रमांक घ्यावयाचा का असे विचारल्यास नकार द्यावा, म्हणजे जुन्याच क्रमांकावर सारे सुरळीत चालते.

भारतात परदेशी सिम विकण्यास दूरसंचार विभागाची पूर्वसंमती लागते. २०२४ च्या आरंभी त्याच कारणावरून दोन नामांकित परदेशी विक्रेत्यांची अ‍ॅप्स येथील ग्राहकांसाठी बंद झाली, ही बाबही खरेदीपूर्वी ठाऊक असावी. सारांश, अनेक आठवडे राहणाऱ्या, फोनाशी खटपट करण्याची हौस असणाऱ्या तरुणास ई-सिम निःसंशय किफायतशीर; पण आठ दिवसांच्या सहलीस जाणाऱ्या सत्तरीच्या आजीआजोबांसाठी आपल्याच कंपनीचे रोमिंग पॅक, चार पैसे अधिक गेले तरी, मी सुचवीन; त्यांचा क्रमांक तोच राहतो आणि सेटिंगमध्ये रोमिंगची एक कळ सरकविण्यापलीकडे त्यांना बहुधा काही करावे लागत नाही.