डिटर्जंटविना डिशवॉशर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिशवॉशरमध्ये भांडी घासली जात नाहीत. तळाशी जमलेले पाणी तापते, पंप ते फिरत्या फवाऱ्यांतून भांड्यांवर मारतो, तेच पाणी गाळणीतून खाली येते आणि पुन्हा वर जाते. हाताने घासताना काथ्या आणि मनगटाचा जोर जे करतात ते काम इथे पाण्याचा मारा, उष्णता, वेळ आणि डिटर्जंट मिळून करतात. यातले डिटर्जंट वगळले तर बाकीच्यांवर किती भार पडतो, हे लक्षात न घेतल्यामुळेच पर्यायांविषयीचे बहुतेक गैरसमज पसरले आहेत.

‘पाणी एवढे गरम असते की पावडर नावालाच लागते’ हा त्यातला सर्वांत रुजलेला समज. कढईसाठीच्या जोरकस प्रोग्रॅममध्ये पाणी 65 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, हे खरे. तेवढ्याने सुटी शिते, भाजीचे तुकडे, चहाचे ताजे ओघळ निघून जातात. तूप आणि वनस्पती तूपही वितळते. पण वितळणे म्हणजे पाण्यात मिसळणे नव्हे. पाणी तेच फिरत असल्याने शेवभाजीच्या रश्श्याची तर्री एका कढईतून सुटते आणि पातळ थराने सगळ्या ताटांवर बसते. पाणी थंड झाले की उरलेला मेदाचा अंश गाळणीत आणि निचऱ्याच्या नळीत थिजतो. दूध, अंडे, डाळ यांतली प्रथिने तर उष्णतेने आणखी घट्ट चिकटतात. एखाद्या वेळी डिटर्जंट न घालता यंत्र चालवले म्हणून ते बिघडत नाही, मात्र रोजची सवय झाली की गाळणी तुंबते आणि वास येऊ लागतो. जंतूंचेही तसेच: कमी तापमानाच्या प्रोग्रॅममध्ये पाणी सुमारे 50 अंशांवरच थांबते आणि चिकटून राहिलेल्या अन्नाच्या आड जंतूंना आसरा मिळतो. थंड पाण्याने नुसते विसळण्याचा छोटा प्रोग्रॅम मात्र डिटर्जंटशिवायच चालवायचा असतो.

डिशवॉशरच्या पावडरीत किंवा टॅब्लेटमध्ये मुख्यतः सोडियम कार्बोनेटसारखे अल्क असते, ते मेद सोडवते. प्रोटीएज आणि अमायलेज ही विकरे प्रथिने व पिठूळ पदार्थ तोडतात. सोडियम परकार्बोनेट चहाचे डाग घालवते आणि हळदीचे फिके करते. पाण्यातले कॅल्शियम धरून ठेवणारे घटक असतात, काच आणि धातू सांभाळणारे सिलिकेट असते, आणि फेस जवळजवळ न करणारी थोडी पृष्ठसक्रिय द्रव्ये असतात. पर्याय म्हणून सुचवल्या जाणाऱ्या कोणत्याही वस्तूला ही सगळी कामे जमत नाहीत. फार तर एखादे जमते.

फेसाच्या बाबतीत तर समज नेमका उलटा आहे. फेस म्हणजे स्वच्छता, असे मानून भांडी घासण्याचे लिक्विड थोडेसे घातले जाते. ते मुद्दाम भरपूर फेस देईल असेच बनवलेले असते. पंप पाण्याऐवजी हवा ओढू लागतो, फवाऱ्याचा जोर उतरतो, फेस दारातून बाहेर येतो. तो यंत्राच्या तळाशी असलेल्या ताटलीत उतरला तर गळती झाली असे समजून अनेक यंत्रे काम बंद करतात. असे झालेच तर यंत्र थांबवावे, पाणी काढून टाकावे, फेस फडक्याने टिपावा आणि रिकामे यंत्र थंड पाण्याने पुन्हा पुन्हा विसळावे. कपड्यांची पावडर हाही उपाय नव्हे. तिच्यातला सुगंध आणि कापड उजळवणारी द्रव्ये जेवणाच्या ताटासाठी नसतात. भांड्यांच्या साबणवडीत कॅल्साइटसारखी न विरघळणारी भर असते, ती गाळणीत साचते. रिठा फेसाळतो. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असल्याने तिचा गुण खरा आहे, जुन्या पिढ्यांनी तो अचूक ओळखला होता. परंतु तिचे कण फवाऱ्यांची बारीक भोके बुजवतात.

खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा एकच, असेही समजले जाते. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. ते सौम्य असून तेलकट थरावर फारसे चालत नाही. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, डिटर्जंटमधले मुख्य अल्क. घरगुती पर्यायांत विचार करण्याजोगा हा एकच. मात्र त्याचे यश पाण्यावर अवलंबून असते.

पाण्याची ही बाजू सुरतच्या बमरोलीत चांगली समजते. यंत्रमाग आणि गिरण्यांच्या या परिसरात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. बमरोलीत महानगरपालिकेने 2014 मध्ये सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारा, रोज 4 कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प सुरू केला. त्याचे पाणी पांडेसरा औद्योगिक वसाहतीला जाते. कापडाच्या रंगाईला कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेले पाणी लागते, कारण हे क्षार रंग आणि साबण दोन्ही बिघडवतात. ताटांवर पांढरा थर बसतो तो त्याच क्षारांमुळे. नळाला येणारे तापीचे पाणी आणि बोअरचे पाणी यांत म्हणूनच मोठा फरक पडू शकतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठिणता, म्हणजे या क्षारांचे प्रमाण, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालते. सर्वगुणी (ऑल-इन-वन) टॅब्लेट मात्र साधारण 375 मिलिग्रॅमपर्यंतच पुरेशी मानली जाते. बोअरचे पाणी टाकीत मिसळत असेल, तर चाचणीपट्टीने ते तपासलेले बरे.

इथेच मिठाचा गैरसमज येतो. मीठ भांडी धूत नाही. यंत्राच्या पोटात पाण्यातले कॅल्शियम अडवणारी राळ असते; ती भरली की मिठाच्या पाण्याने पुन्हा कामाला येते. म्हणून मीठ डिटर्जंटच्या कप्प्यात घालण्यात अर्थ नाही, आणि मिठाच्या कप्प्यात डिटर्जंट घातले तर ही व्यवस्था कायमची बिघडू शकते. जेवणातले मीठ बारीक असते, त्यात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठीची द्रव्येही असतात. डिशवॉशरसाठी जाड, शुद्ध मीठच वापरावे.

लिंबू किंवा व्हिनेगर सोड्यात मिसळले की जोरात बुडबुडे येतात आणि काही जबरदस्त घडते आहे असे वाटते. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्क एकमेकांना मारून टाकतात. लिंबूसत्त्वातून तयार होणारे सोडियम सायट्रेट कॅल्शियम धरते, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2017 पासून घरगुती डिशवॉशर डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर कडक मर्यादा घातली, तेव्हा त्याची जागा घेणाऱ्या द्रव्यांत सायट्रेटही होते. पण मेद सोडवणारी अल्कता त्या मिश्रणात उरत नाही. लिंबूसत्त्वाची खरी जागा वेगळी आहे: रिकाम्या यंत्रातला क्षाराचा थर काढायला ते उत्तम. व्हिनेगर रिन्स एडच्या, म्हणजे शेवटच्या विसळणीतल्या द्रवाच्या, कप्प्यात भरून ठेवू नये. रबरी भागांना ते सोसत नाही आणि पाण्याचा थेंब पसरवणारे द्रव्यही त्यात नसते.

कॉस्टिक सोडा, संडास साफ करण्याचे आम्ल आणि ब्लीच यांना डिशवॉशरमध्ये स्थान नाही. कॉस्टिक कातडी आणि डोळे जाळतो, ब्लीच स्टीलला खड्डे पाडते, आणि आम्लाशी मिळाले तर विषारी क्लोरीन वायू सोडते.

डिटर्जंट संपलेच असेल तर स्टीलची भांडी पुसून, खरकटे काढून, एक-दोन चहाचे चमचे धुण्याचा सोडा घालून गरम प्रोग्रॅम लावता येतो, तोही एखाद्या वेळीच आणि यंत्राच्या पुस्तिकेत मनाई नसेल तर. विकरे नसल्याने डाळ-भाताचा चिकटा मागे राहू शकतो. कठीण पाण्यात पांढरी झाक येते, ती लिंबूसत्त्वाच्या पाण्याने जाते. अ‍ॅल्युमिनियमचे कुकर आणि कढया यातून वगळाव्यात, अल्काने त्या काळ्या पडतात. तेलकट कढई त्या दिवशी हातानेच घासावी.